दीड लाख किलोमीटर चाललेली लक्झरी गाडी मुंबईत घेताना: आधी काय, मग काय

जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी घेऊन पस्तावलेली जी माणसं मला भेटतात, त्यांच्या गोष्टी जवळपास सारख्याच असतात. रविवारी गाडी बघितली, आवडली, ‘संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय’ हे ऐकून जागेवर टोकन दिलं आणि मेकॅनिकला गाडी दाखवली ती ताब्यात आल्यावर. क्रम तिथेच उलटा झाला. खालचे टप्पे आठ ते बारा वर्षं जुनी, एक ते दीड लाख किलोमीटर रनिंग झालेली गाडी समोर ठेवून लिहिले आहेत. ते ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा.

एक गोष्ट आधीच मनात पक्की असू द्या: गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. नवी असताना पन्नास-साठ लाखांची असलेली गाडी दहा वर्षांनी साध्या हॅचबॅकच्या भावात मिळते. पण तिचा सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, हेडलाइट, इंजेक्टर यांचे भाव पन्नास-साठ लाखांच्या गाडीचेच राहतात.

१. पैशाचे दोन भाग करा

तुमच्याकडे बारा लाख असतील तर बारा लाखांची गाडी बघू नका. आठ-नऊ लाखांची बघा आणि उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. गाडीच्या किमतीच्या साधारण तिसरा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला असावा, हा माझा अनुभवाचा हिशेब आहे. ही रक्कम कर्जातून येणार असेल तर थांबा. गाडीचा हप्ता आणि गिअरबॉक्सचं बिल एकाच महिन्यात आलं की गाडी गॅरेजमध्येच पडून राहते, आणि पडून राहिलेली गाडी आणखी बिघडते.

२. गाडीआधी जागा आणि मेकॅनिक शोधा

मुंबईत हा टप्पा वगळणारे सर्वांत जास्त. सोसायटीत स्टॅक किंवा पझल पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं यांत्रिक पार्किंग) असेल तर त्यावरची पाटी वाचा. किती लांबीची आणि किती वजनाची गाडी चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. एस-क्लास किंवा लांब व्हीलबेसची ई-क्लास पाच मीटरहून लांब आहे. मोठ्या एसयूव्ही दोन टनांच्या पुढे जातात आणि उंचीलाही अडतात. आरसीवरचं वजन आणि गाडीची लांबी सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवून आधी होकार घ्या. गाडी उघड्यावर झाडाखाली उभी राहणार असेल तर तेही आत्ताच लक्षात घ्या. त्याचं कारण शेवटच्या टप्प्यात येईल.

मग मेकॅनिक. अधिकृत सर्व्हिस सेंटरचे लेबर रेट या वयाच्या गाडीला परवडत नाहीत, म्हणून तुम्ही घेणार त्याच कंपनीच्या गाड्यांवर रोज काम करणारं स्वतंत्र गॅरेज हवं. तिथे जाऊन दोन गोष्टी विचारा. स्कॅनर कोणता आहे? मर्सिडीजसाठी एक्सेंट्री, बीएमडब्ल्यूसाठी आयस्टा, ऑडीसाठी ओडीस किंवा व्हीसीडीएस ही नावं ऐकू आली पाहिजेत; सगळ्या गाड्यांना चालणारा छोटा स्कॅनर पुरेसा नाही. आणि दुसरं: ‘दादा, यातलं कोणतं इंजिन तुम्ही स्वतःसाठी घेणार नाही?’ चांगला मेकॅनिक यावर पाच मिनिटं मनापासून बोलतो. ती पाच मिनिटं या सगळ्या व्यवहारातली सर्वांत किमती आहेत.

तपासा: गाडी दाखवायला आणली तर तपासणीचे पैसे किती, हे त्याच भेटीत ठरवून या. फुकट तपासणी घाईची होते.

३. मॉडेल नको, इंजिन आणि गिअरबॉक्स निवडा

‘मला फाइव्ह सिरीज हवी’ असं म्हणून शोध सुरू केला की रंग आणि सनरूफ बघून निर्णय होतो. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी इंजिनं येऊन गेलेली असतात आणि खर्च इंजिनावर ठरतो.

बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेलमध्ये एन४७ हे इंजिन बरीच वर्षं होतं. ३२०डी, ५२०डी, एक्स१ यांत ते सापडतं. त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनचे प्लॅस्टिकचे गाइड झिजले की मागून घासल्यासारखा, खुळखुळणारा आवाज येतो. बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि चेन चालता चालता तुटली तर इंजिनच जातं. चेनचं काम झाल्याचं बिल असलेली दीड लाख चाललेली गाडी, काम न झालेल्या नव्वद हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा मी कधीही आधी घेईन. नंतर आलेलं बी४७ इंजिन या बाबतीत बरं आहे.

मर्सिडीजच्या ३५० सीडीआय गाड्यांमधलं ओएम६४२ हे तीन लिटरचं व्ही६ इंजिन दणकट आहे, पण त्याच्या ऑइल कूलरचे सील दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत बसतात आणि वयाने गळायला लागतात. ऑइल मागे ओघळून गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकतं, म्हणून पुष्कळदा ‘मागचा क्रँक सील गेलाय’ असं चुकीचं निदान होतं. सील स्वस्त आहेत. तिथवर पोचण्याची मजुरी मोठी आहे. चार सिलिंडरच्या ओएम६५१ मध्ये सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजेक्टरांची तक्रार होती, तेव्हा ते बदलल्याचं बिल मागा.

ऑडीच्या दोन लिटर टीएफएसआय पेट्रोलच्या दुसऱ्या पिढीचं इंजिन ऑइल खातं आणि त्याच्या चेनच्या टेन्शनरचाही (चेन ताणून धरणारा पार्ट) त्रास आहे. मालकाला ‘दोन सर्व्हिसच्या मध्ये किती ऑइल टाकता?’ असं सरळ विचारा. जुन्या ए४ आणि ए६ च्या काही डिझेल गाड्यांत मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आहे. त्याचं ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदलल्याचा पुरावा नसेल तर ती गाडी सोडून द्या.

गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल ‘लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. बीएमडब्ल्यूंमध्ये सर्रास असलेला ८एचपी हा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, ऑइल बदला असं सांगते.

४. घरबसल्या कागद तपासा

गाडी बघायला जाण्याआधी नंबर आणि आरसीचा फोटो मागवा. जो द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडे जायचंच नाही. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा बघा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर थकलेला दंड बघा.

* पासिंग (गाडी कोणत्या आरटीओत नोंदली आहे): मुंबईत एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. बाहेरच्या राज्याची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स हे दोन्ही आले. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात दिसतात. त्या भावात टॅक्स मिळवा आणि मगच तुलना करा.
* बोजा: कर्ज फिटलं तरी आरसीवरची बँकेची नोंद आपोआप जात नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा काढण्याचा अर्ज) दोन्ही हवेत.
* कंपनीच्या नावावरची गाडी: कंपनीचं ठरावपत्र, सही-शिक्का याशिवाय ट्रान्सफर अडकते.
* मुदत: खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. तेरा वर्षांची गाडी घेताय म्हणजे पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर तुमच्याच काळात येणार.

आता सर्व्हिस हिस्टरी. चेसिस नंबर देऊन मालकाला अधिकृत सेंटरकडून नोंदी काढायला सांगा. मीटर मागे केलेला असेल तर तो बहुधा इथेच सापडतो, कारण नोंदींमधलं रनिंग मध्येच कमी झालेलं दिसतं. आणखी एक सवय लावून घ्या: नोंदींत पुराच्या तारखा शोधा. मुंबईची गाडी असेल तर २९ ऑगस्ट २०१७ आणि २ जुलै २०१९ नंतरचे आठवडे, चेन्नईची असेल तर डिसेंबर २०१५, केरळची असेल तर ऑगस्ट २०१८. त्या सुमारास वायरिंग, कार्पेट, मॉड्यूल (गाडीतले छोटे कंट्रोल कॉम्प्युटर) अशी मोठी बिलं दिसली तर कारण समजून घ्या.

सावधान: ‘सर्व्हिस हिस्टरी नाही, पण गाडी बटर आहे’ हे उत्तर या वर्गातल्या गाडीसाठी नकार समजा.

५. इंजिन थंड असतानाच पोचा

माझी पहिली चूक इथली. चेंबूरला एक गाडी बघायला गेलो तेव्हा दलालाने ती ‘एसी लावून थंड करून ठेवतो’ म्हणून अर्धा तास आधी चालू केली होती. मला ते अगत्य वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी चालू केली तेव्हा चेनचा तो मागचा आवाज ऐकला. इंजिन गरम झाल्यावर तो दबत होता.

म्हणून सकाळी लवकर जा आणि आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका असं आधीच बजावून ठेवा. पोचल्यावर बॉनेट उघडून हात लावून बघा. कोमट असेल तर चहा न घेता परत फिरा आणि दुसरा दिवस ठरवा.

गाडी चालू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली) गाडी रात्रभर उभी राहून एका कोपऱ्यात बसली असेल तर तिथला एअर बॅग किंवा व्हॉल्व्ह गळतोय. ते दुर्लक्षित राहिलं की कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने इतर ठिकाणीही असाच हात आखडता घेतला असणार.

मग चालू करा आणि पहिली दहा सेकंदं कोणीही बोलू नका. खुळखुळाट, धूर, डॅशबोर्डवर विझायला वेळ लावणारा दिवा, सगळं याच दहा सेकंदांत दिसतं. चावी लावल्यावर इंजिनचा दिवा आधी पेटला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. मुळीच पेटला नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

६. राउंड किमान पाऊण तासाचा मारा

गल्लीला एक वळसा घालून काही कळत नाही. आधी स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांचा रस्ता, रेडिओ बंद, काचा खाली. सस्पेन्शनचे लोअर आर्म आणि बुश (रबरी जोड) यांचे आवाज इथे येतात. आपल्या रस्त्यांवर ते जातातच, फक्त मोजून ठेवायचे. मग ईस्टर्न फ्रीवेसारखा मोकळा रस्ता, मर्यादेतल्या एकसारख्या वेगात. गिअर पडताना झटका, ब्रेक लावल्यावर स्टेअरिंगला थरथर, हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढणं, यांची नोंद करा. शेवटी सायन किंवा कुर्ल्याच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं एसी चालू ठेवून रांगेत उभे राहा. कूलिंग अशक्त असेल तर तापमान इथे चढतं आणि एसी कोमट होतो. जर्मन गाड्यांत पाण्याचे पाइप, थर्मोस्टॅटचं घर, टाकी हे सगळं प्लॅस्टिकचं असतं आणि दहा वर्षांत ते ठिसूळ होतं.

तपासा: परत आल्यावर गाडी बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. गरम इंजिन सुरू व्हायला वेळ लागला तर मेकॅनिकला आवर्जून सांगा.

७. लिफ्ट आणि स्कॅन तुमच्या मेकॅनिककडेच

विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये तपासणी नको. गाडी तुमच्या मेकॅनिककडे न्यायला नकार मिळाला तर व्यवहार तिथेच संपला.

स्कॅन दोनदा करा: आल्या आल्या आणि थोडं चालवून आणल्यावर. आदल्या दिवशी एरर पुसलेले असतील तर पहिल्या स्कॅनमध्ये गाडी संशयास्पद स्वच्छ दिसते आणि दुसऱ्यात काही एरर परत येतात. अनेक मॉड्यूल आपापलं रनिंग वेगळं साठवतात, बीएमडब्ल्यूची चावीसुद्धा. ते आकडे मीटरशी ताडून बघा. डिझेल असेल तर डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी आणि इंजेक्टरांचं करेक्शन (कोणत्या सिलिंडरला डिझेल कमी-जास्त द्यावं लागतंय ते) वाचून घ्या. डीपीएफ कापून काढलेला असेल तर गाडी घेऊ नका.

लिफ्टवर ऑइलची गळती, गिअरबॉक्सचा पॅन, शॉकअप, ब्रेक डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी. पुराच्या खुणा शोधायच्या त्या वास घेऊन नव्हे. अत्तर मारलेलं असतं. सीटच्या रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या वीतभर पट्ट्यावरची मातकट रेघ, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातला चिखल आणि हिरवट झालेले कनेक्टर बघा. पाण्यात गेलेल्या लक्झरी गाडीला कुठलाच भाव योग्य नाही. साध्या गाडीचं वायरिंग सुकवून चालतं. इथे सीटखाली, डिकीत, डॅशमागे मॉड्यूल बसलेली असतात आणि ती वर्षभर एकेक करून जातात.

८. भाव, टोकन, ट्रान्सफर

मेकॅनिकने काढलेली कामांची यादी आणि प्रत्येकाचा अंदाज कागदावर घ्या. भाव त्या कागदावर ठरतो. टायर, ब्रेक, बुश, बॅटरी या झिजेच्या गोष्टींसाठी भाव कमी करून घ्या. चेन किंवा गिअरबॉक्सच्या शंकेवर घासाघीस करू नका, गाडी सोडा.

टोकन आता, आणि बँकेतूनच. चिठ्ठीवर लिहा: कागद अपुरे निघाल्यास टोकन परत. उरलेली रक्कम देताना फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे अर्ज) सह्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्या. दुसरी चावी नसेल तर तिचा खर्च भावातून कापा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टीचं संरक्षण तुमच्याकडे आपोआप येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे तो फरक तुम्हाला भरावा लागेल. झीरो डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे देणारं कव्हर) मिळत नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टांवर ५० टक्के कपात होते, आणि लक्झरी गाडीचा पुढचा भाग जवळपास सगळा प्लॅस्टिकचाच आहे. इंजिन प्रोटेक्शन (इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान भरणारं कव्हर) मिळत असेल तर मुंबईत ते घ्याच.

९. पहिला महिना: शून्यापासून सुरुवात

‘मालकाने नुकतीच सर्व्हिस केलीय’ यावर विसंबू नका. बिल दिसत नाही ते काम झालेलं नाही, असं धरा. आधी द्रव: इंजिन ऑइल आणि फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल. ऑइल गाडीच्या स्पेसिफिकेशनचं हवं. डीपीएफ असलेल्या डिझेलला बीएमडब्ल्यूत एलएल-०४, मर्सिडीजमध्ये २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडीत ५०७. डब्यावर हा आकडा छापलेला नसेल तर ते ऑइल नको. ८एचपी गिअरबॉक्सचा फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पूर्ण पॅन बदलतात, आणि पातळी इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानालाच मोजतात. हे तापमान स्कॅनरवर न बघता भरणारा माणूस गिअरबॉक्स घालवतो.

त्यानंतर बेल्ट, पुली, थर्मोस्टॅट, पाण्याचे पाइप. मग सस्पेन्शन. लेदर, पेंट, स्टिरिओ सर्वांत शेवटी. पुष्कळजण नेमकी इथून सुरुवात करतात आणि कूलंटच्या टाकीला पैसे उरत नाहीत. बॅटरी बदलली की नवीन बॅटरीची नोंद स्कॅनरने गाडीत करून घ्या, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहतं.

पार्ट कुठून? ज्या कंपनीने मूळ पार्ट बनवला तिच्याच डब्यातला पार्ट घेतला की पैसे वाचतात आणि दर्जा तोच राहतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना दरवाजा, आरसा, काच, सीट आणायला हरकत नाही. ब्रेक, एअरबॅग, कूलिंग आणि सस्पेन्शनचे पार्ट तिथून आणू नका.

१०. पुढची वर्षं, आणि आपला पाऊस

कंपनी १५ हजार किलोमीटरला ऑइल म्हणत असली तरी ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उभं राहणाऱ्या इंजिनाला साडेसात-आठ हजार किंवा वर्ष, जे आधी होईल ते. डीपीएफवाली डिझेल फक्त दादर ते परळ चालवत असाल तर फिल्टर तुंबणारच. पंधरवड्यातून एकदा तिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या. तेवढं जमणार नसेल तर पेट्रोल घ्या. प्रत्येक बिल, तारीख आणि रनिंग एका वहीत लिहा. पुढे विकताना त्या वहीला पैसे मिळतात.

मे महिन्यात एक काम चुकवू नका: विंडस्क्रीनखालच्या जाळीतला आणि सनरूफच्या चारही नळ्यांमधला कचरा साफ करून घ्या. शिवाजी पार्क किंवा पारसी कॉलनीत झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानं कुजून या वाटा बंद होतात, मग पावसाचं पाणी आत मॉड्यूलवर उतरतं. पाण्यातून गाडी न नेताही ती अशी भिजते.

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी चढतंय असं कळलं तर वाट वाकडी करा. या गाड्यांचं हवा ओढण्याचं तोंड पुष्कळदा पुढे, हेडलाइटच्या पातळीला असतं. पुढच्या बसने उसळवलेली लाट तिथे पोचली की पाणी सिलिंडरमध्ये जातं, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टचं बटण एकदाही दाबू नका. जमलं तर हजार्ड लावा, सनरूफ किंवा खिडकीतून का होईना बाहेर पडा. पाणी ओसरल्यावर बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि फ्लॅटबेड टोइंग मागवा. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही जातो. गॅरेजमध्ये आधी प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, इंजिन हाताने फिरवून बघायचं, ऑइल बदलायचं, आणि त्यानंतरच चावी लावायची.